खालच्या फळीवरची इटली

लॉन्ड्रीत त्यांना सगळे डागवाल्या ताई म्हणत. शाई असो, गंज असो, ताई कापड उजेडात धरणार, नाकाशी नेणार आणि "जाईल" किंवा "नाही जायचा" एवढंच बोलणार. अशा बाईच्याच हातून धाकट्या बहिणीकडे जेवताना रेड वाइनचा ग्लास कलंडला. तोही आईने भरतकाम केलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर. आईच्या हातची तेवढी एकच वस्तू उरली होती, आणि ताईंनी मन मोठं करून ती धाकटीला दिली होती.

"दे इकडे, माझं रोजचंच काम आहे," ताई तोऱ्यात म्हणाल्या. घरी येऊन सवयीने कापड सोड्याच्या गरम पाण्यात घातलं, आणि लाल डाग डोळ्यांदेखत निळा-करडा झाला. कुणा नवशिकीने हे केलं असतं तर ताईंनी तिला फैलावर घेतलं असतं. आता आईच्या कापडाला पुन्हा हात लावायची छाती होईना. तीच वाइन शोधून आधी चिंध्यांवर डाग पाडायचे आणि उपाय करून बघायचे, असं त्यांनी ठरवलं.

"कुठली होती गं ती?" त्यांनी फोनवर विचारलं.

"इटलीची. स्वस्तातली. का?"

"सहज."

दुकानात इटलीच्या स्वस्त बाटल्या अगदी खालच्या फळीवर होत्या. ताईंनी खाली बसकण मारली.

"जेवणात कशाबरोबर हवी आहे?" दुकानदाराने विचारलं.

"सुती कापडाबरोबर."

पहिली आणली किआंती. तिचा डाग विटकरी, फिकट. दुसरी बार्बेरा, ती गडद, पण सोड्यात वेगळीच निळी झाली. चिंधीवर चार थेंब पडले की ताईंचं काम संपे आणि त्या उरलेली बाटली मोरीत ओतायला निघत. नवऱ्याला ते बघवेना.

"अगं, निदान चव तरी बघ."

"मी कामावर आहे," ताई म्हणाल्या. पण कुतूहल कुणाला चुकलंय? एका घोटाने तोंड आंबट झालं, मग चेरी आठवली. एकाच देशातल्या दोन बाटल्या इतक्या वेगळ्या कशा? तिसरी बाटली आणली तेव्हा टेबलक्लॉथ हे निमित्तच उरलं होतं, हे त्यांनाही कळत होतं. नवरा तर दोन ग्लास घेऊनच बसला.

ती मोंतेपुल्चानो निघाली. जांभळी, दाट, आणि तिचा डाग सोड्यात अगदी तस्साच निळा-करडा. ताईंनी चिंध्यांवर लिंबू, व्हिनेगर, सगळं करून पाहिलं. डाग बराच फिकटला, पण गेला नाही. आईच्या कापडावरही तेच झालं.

धाकटीला बोलावून त्यांनी टेबलक्लॉथ पुढ्यात पसरला. "नाही जायचा," ताई म्हणाल्या. "घाईत मीच पक्का केला."

धाकटी बराच वेळ त्या फिकट डागावरून बोट फिरवत राहिली. मग कोपऱ्यात उघडी दिसलेली बाटली तिने उचलली, ग्लास भरला आणि बरोबर डागावर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "नाहीतरी यावर सगळं आईचंच होतं, तुझं काहीच नव्हतं. आता माझ्याकडे आलीस की तू इथे बसायचंस."