पाहुणी

महिना होऊन गेला. भर दुपारी आईचा चाकूरहून फोन आला, "पाहुनी गेली गं." मी पुण्यात, ऑफिसात. फाइल चाळता चाळता विचारलं, "भोकरला? कधी येणार म्हणे?" आई म्हणाली, "आता कशाची येतीय, बाई." त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पुढचं मात्र मी त्याच क्षणी ठरवून टाकलं होतं: पंच्याहत्तरीची आई आता एकटी, तिला पुण्याला आणायचं.

पाहुणी म्हणजे सुमनमावशी. मूळची भोकरची, सरकारी दवाखान्यात नर्स. बदली होऊन चाकूरला आली आणि आमच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिली. वडील जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, मी सहा वर्षांची. आम्ही लिंगायत, मावशी बौद्ध. आईच्या कपाळावर विभूती, मावशीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. दोन चुली, मधे एक दार, आणि ते बहुतेक वेळा लोटलेलं असायचं.

मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, टँकर चार दिवसांनी यायचा. एका सकाळी मावशी दारात उभी राहून म्हणाली, "अक्का, दोन घरची भांडी घासायला पानी कुठून आनायचं? एकदाच रांधू की." आई लगेच हो म्हणाली, असं लिहायला मला आवडलं असतं. तिनं तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी स्वतःच तवा उचलून पुढच्या खोलीत गेली. गावभर भाऊभाऊ चुली वेगळ्या करत होते, आमच्याकडे दोनाची एक झाली. काकांनी आमच्या घरी पाणी पिणं सोडलं. "दुष्काळात तेवढीच बचत," आई म्हणाली.

पुढच्या वर्षी विहिरीला पाणी आलं. चूल वेगळी करायचं नाव कुणीच काढलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा रेशनकार्डं नव्यानं करायला एक कारकून दारोदार फिरत आला. "एका चुलीवर किती जन?" "तिघी," आई म्हणाली. नावं झाली. मग मावशीकडे बोट करून त्यानं विचारलं, "ह्या कोन लागतात?" आई गडबडली. आमच्याकडे पाहुणा म्हणजे चार दिवस आलेला माणूस, आणि पाहुणा म्हणजे नातेवाईकही. "पाहुनी हाय," ती म्हणाली. त्यानं नात्याच्या रकान्यात ठसठशीत 'पाहुणी' लिहिलं आणि पुढच्या घरी गेला. काका ते बघून भडकले, "रेशनवर कुनी पाहुना चढवतंय का? खोडून आना." मावशीच नको म्हणाली. "ऱ्हाऊ द्या, अक्का. पाहुन्याला कुनी जा म्हनत न्हाई."

मी मात्र शहाणी. आठवीत असताना मैत्रिणीनं विचारलं, ही कोण गं? मी म्हणाले, "भाडेकरू." मावशी मागेच उभी होती. दुसऱ्या दिवशी डबा हातात देत ती म्हणाली, "घे, भाडेकरूकडून." वर तोंड करून बघायची माझी हिंमत झाली नाही. पुढे तिला भोकरची, स्वतःच्या गावची बदली मिळत होती. माझी दहावी होती म्हणून तिनं ती नाकारली. हे मला कळलं तेव्हा माझी नोकरीही सुरू झाली होती. मला मावशी फार हवी होती, अजून हवी आहे, आणि हे तिला एकदाही सांगितलं नाही.

शेवटी, मला न कळवताच, आईनं तिला लातूरच्या दवाखान्यात नेलं, तिथं फॉर्मवर आईची सही लागली. रुग्णाशी नातं काय? आईनं सांगितलं, "पाहुनी." नातेवाईक समजून तिथल्या पोरीनं फॉर्म पुढे सरकवला. "बरोबरच समजली की," आई मला नंतर म्हणाली.

गेल्या आठवड्यात आईला न्यायलाच गेले होते. तिच्या साड्या बॅगेत भरल्या. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. संध्याकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. प्रज्ञा, मावशीच्या भावाची नात. नर्स म्हणून पहिलीच नेमणूक चाकूरला झालेली. पुढची खोली भाड्यानं द्याल का, विचारत होती. बगलेत छोटी शेगडी. "आजी, मी माझं माझं करून खाईन. तुम्हाला तरास न्हाई."

आईनं आधी शेगडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"ती माळ्यावर टाक," म्हणाली. "विहिरीला पानी कमीच हाय."

विहीर काठोकाठ भरलेली होती, मी सकाळीच पाहिली होती. आई परातीशी बसली आणि पिठात आणखी एक मूठ टाकली. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "कोन आलंय गं?"

"पाहुनी," आई म्हणाली.

मी उठले आणि बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात लावल्या.