टीचरची पाणी-परीक्षा

समस्त मंडळींस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या शहरातली सर्वांत अवघड परीक्षा कलेक्टर होण्याची नाही. ती आमच्या टीचर घेत, आणि ती मुलांची नसे, मुलांना द्यायच्या बायबलची असे. भलीभली रंगीत बायबलं तीत नापास झालेली मी पाहिली आहेत.

टीचर उस्मानपुऱ्यातल्या आमच्या चर्चमध्ये रविवारची शाळा चालवत. मीही तिथलाच. नवं बायबल आलं की त्या वर्गातली वांड पोरं पुढं बसवायच्या आणि त्यातली एक गोष्ट मोठ्यानं वाचायच्या. नजर पुस्तकावर कमी, पोरांवर जास्त. "टीचर, पाण्याला जाऊ का?" असं कुणी विचारलं की पुस्तक मिटलं.

"जा बाळा. तहान तुला नाय लागली, पुस्तकच कोरडं हाय."

भांडणं गाळलेली बायबलं तर त्यांना मुळीच चालत नसत. एकात काईन आणि हाबेल यांची गोष्टच नव्हती. टीचर म्हणाल्या, "दोन भाऊ अन् भांडण नाय? लिहिणारा एकुलता एक दिसतोय."

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. आता नाताळात मुलांना बक्षीस द्यायचं बायबल कोण निवडणार? कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मी निवडलंय." हे सेक्रेटरी म्हणजे टीचरचाच जुना विद्यार्थी, वर्गातून सर्वांत जास्त वेळा पाण्याला गेलेला. त्यांचं बायबल इतकं चकचकीत होतं की त्यात बघून भांग पाडता आला असता.

टीचरनी दावीद आणि गल्याथाचं पान काढलं. दावीदानं राक्षसासारख्या गल्याथाला हरवलं, एवढंच तिथं होतं.

"हरवलं? कॅरममधे?"

"टीचर, आजकालच्या पोरांना लांबलचक झेपत नाय."

"मी गेल्यावर हेच वाचणार व्हय तुम्ही?" टीचरचा आवाज एकदम बारीक झाला. मग त्यांनी चष्मा पुसला. "बरं. जायच्या दिवशी परीक्षा घेऊ. पास झालं तर तुझं पुस्तक."

तो रविवार आला. सामान भरलेली रिक्षा फाटकाशी उभी. आधी सेक्रेटरींनी वाचलं. पान उलटायच्या आत पाण्यासाठी दोघांचे हात वर. मग टीचरनी आपलं काढलं, चित्रं थोडी पण गोष्टी पुऱ्या असलेलं. राजानं लढायला निघालेल्या पोरसवदा दावीदाला आपलं चिलखत चढवलं आणि त्याला चालताच येईना. "थोरल्याचा शर्ट धाकट्याला घातल्यावानी," टीचरनी पदरची भर घातली. ओढ्यातले गुळगुळीत दगड निवडून झाले. गल्याथ खिदळत पुढं आला. दावीदानं गोफण गरगर फिरवायला घेतली, आणि बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

दारातून मुलगा म्हणाला, "आई, गाडी चुकेल."

टीचरनी पुस्तक मिटलं आणि काठी घेतली. "चला. पुढचं तुमचे सेक्रेटरी वाचतील."

एकही पोर हललं नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला पुढं काय होतं ते पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. तेवढ्यात खुद्द सेक्रेटरी उठले. मला वाटलं, हार घालायला निघाले. तर ते दार अडवून मोठ्यानं म्हणाले, "टीचर, रिक्षा थांबू द्या, आधी त्या गल्याथाला दगड लागू द्या."