बापाचा व्हिडिओ मी मंजूर केला

माझा बाप लग्नमंडपाच्या मागं उकिडवा बसून जेवत होता. अंगात बँडचा लाल कोट. शेजारी खरकट्या पत्रावळींचा ढीग. तिगावच्या त्या लग्नात बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी वाढलं, तेही मंडपाबाहेर. कोणीतरी मागून व्हिडिओ काढला. बाबांना पत्ताही नाही. खाली लिहिलेलं, 'पोट भरलं का बँडवाल्या, का अजून पत्रावळी चाटतं?'

अख्ख्या पांढुर्ण्यात हे सगळ्यात आधी मी पाहिलं. गावच्या फेसबुक ग्रुपवर कोणी काही टाकलं की ते पहिले माझ्याकडे यायचं. मी मंजूर केलं की मग लोकांना दिसायचं.

मी ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होते. मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. ग्रुपही भाऊचाच समजायचे. खरं म्हणजे तो माझ्या खात्यावरून मीच सुरू करून दिला होता, भाऊला ते जमत नव्हतं. ते कधी तोंडी, कधी मेसेज करून सांगायचे, हे ठेव, ते काढ. मी करायची.

व्हिडिओ भाऊच्या भाच्यानं टाकला होता. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. हसले.

मी म्हटलं, "भाऊ, ते माहे बाबा आहेत."

त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा हसले. "मंग काय झालं? खाऊनच तर राहिले. चोरी थोडी करून राहिले. मंजूर कर. मजाक आहे."

दुकानात तीन गिऱ्हाईकं उभी होती. तिघंही माझ्याकडे पाहत होती.

मी मंजूर केलं.

हे लिहायला नको वाटतं. पण लिहिणार. बोट माझं होतं.

संध्याकाळपर्यंत गाव हसलं. मला सहावीत शिकवणारे गुरुजी हसले. ज्यांच्या पोरीच्या लग्नात बाबा उन्हात चार तास वाजवत चालले, ते हसले. एकानं लिहिलं, 'यांची जातच अशी.' त्यावरही शंभरावर लोकांनी हसण्याचं चिन्ह टाकलं.

बाबा घरी आले. कोट खुंटीला टांगला. म्हणाले, "ते तुह्या हाती असते ना? काढून टाक."

"बाबा, ते मीच मंजूर केलं."

आईनं ताट वाढलं. बाबा ताट घेऊन उठले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आजही तसेच जेवतात. स्वतःच्या घरात.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्याबरोबर मी भाऊला म्हटलं, व्हिडिओ काढून टाकते.

"एकाचं काढलं तर सगळ्याइचं काढा लागन. लोकं हसाले येतात म्हणून ग्रुप चालते."

"तुमच्या साडूचं तर पाच मिनिटात काढलं होतं."

ती गोष्ट सांगायला पाहिजे. भाऊचे साडू ठेकेदार. त्यांनी केलेला रस्ता एका पावसात उखडला. सौंसरच्या एका अंगणवाडी सेविकेनं लिहिलं, 'या रस्त्यावर बाई बाळंत व्हायची असेल तर दवाखान्याची गरज नाही.' एवढंच. भाऊनं ते काढायला लावलं. त्या ताईंना दुकानात बोलावलं, हात जोडून माफी मागायला लावली आणि ते ग्रुपवर टाकलं. त्या माफीचा व्हिडिओ मीच मोबाइलवर घेतला होता. त्यांचा पदर सरकला होता, तो त्यांना नीट करू द्यायलाही मी थांबले नव्हते.

भाऊ म्हणाले, "साडूची गोष्ट वेगळी आहे. त्याले इज्जत आहे."

त्याले इज्जत आहे.

मी खुर्चीत बसले, ग्रुप उघडला आणि भाऊचं अ‍ॅडमिनपद काढून घेतलं. बाबांच्या व्हिडिओची आणि हसणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची प्रत घेतली. मग व्हिडिओ काढून टाकला. मग माझ्या नावानं लिहिलं, 'कालच्या व्हिडिओतला माणूस माझा बाप आहे.' खाली भाऊनं मला पाठवलेले सगळे हुकूम एकाखाली एक टाकले. हे काढ, आपला माणूस आहे. हे राहू दे, त्या वस्तीतला आहे. दोन वर्षांचे हुकूम. एकही अक्षर मी बदललं नाही.

पिशवी उचलली आणि दुकानातून निघाले. भाऊला तेव्हा काही कळलं नव्हतं. बसस्टँडवर पोचेपर्यंत त्यांचे अकरा फोन आले. मी उचलले नाही. सौंसरच्या गाडीत बसले.

अंगणवाडीत ताई पोरांना खिचडी वाढत होत्या. मी माफी मागितली. त्या वाढतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुह्या बापावर आलं तवा समजलं ना? मले कोणी विचारलं नाही, तू बी नाही. माफी मी देत नाही. पण साक्ष द्यायची असन तर सांग, येतो."

माफी मिळाली असती तर मी रडले असते आणि घरी गेले असते. नाही मिळाली, हे बरं झालं. आम्ही दोघींनी ठाण्यात भाऊ आणि त्यांच्या भाच्याविरुद्ध तक्रार दिली. साहेबांनी आधी टाळलं. आम्ही तिथंच बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी लिहून घेतलं.

मग भाऊ चार मोठी माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. बाबा सवयीनं उठून उभे राहिले. मी म्हटलं, "बाबा, बसा." ते बसले. भाऊ आणि ते चौघं उभेच राहिले. आमच्या अंगणात असं पहिल्यांदा झालं.

"पोरी, लेकराच्या हातून मजाक झाला. माफी मागून राहिलो ना आम्ही," भाऊ म्हणाले.

"इथं नाही. जिथं हसले तिथं लिहा. नावासकट."

"माही इज्जत जाईन."

"जाऊ द्या."

त्यांनी लिहिलं नाही. मी तक्रार मागं घेतली नाही.

ग्रुप माझ्याकडे आहे. विनोद येतात, मी मंजूर करते. खुर्चीवर, खड्ड्यांवर, माझ्यावरही. माणसाच्या जातीवर आणि ताटावर आलं की काढते, आणि टाकणाऱ्याचं नाव ठेवून घेते. लोक म्हणतात, पोरगी सूड घेऊन राहिली. बरोबर म्हणतात. समेटाचे निरोप रोज येतात. परवा गुरुजी स्वतः आले होते. मी त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या हसण्याची छापील प्रत त्यांच्या हातात ठेवली.

केस दहा वर्षं चालली तर दहा वर्षं. प्रत्येक तारखेला मी पुढच्या बाकावर बसलेली असेन.