कोरं सोडलेलं चौथं पान

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेपासून सगळे म्हणत आले. दवाखान्यात कामाला लागले तेव्हाही पहिलं कौतुक अक्षराचंच झालं. फॉर्म स्वच्छ, खाडाखोड नाही, सगळं वेळेत. जळो ते अक्षर! आता कोणी कौतुक केलं की मी विषय बदलते. का ते मी घरातही आजवर धड सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

आमच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मांडीचं हाड मोडलेल्या पेशंटांवर संशोधन चालू होतं. ऑपरेशन करून हाडात सळई बसवली, टाके काढले, की पेशंट घरी जातो. पुढं त्याचं काय होतं? चालतो का, उकिडवा बसतो का, एसटीच्या पायरीवर त्याला पाय टाकता येतो का? हे कोणीतरी घरी जाऊन विचारायला पाहिजे. ते काम माझ्याकडे होतं. दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षानं, अशा एका माणसामागे चार खेपा. सकाळी पुलगावहून स्कूटी काढायची आणि आर्वी, आष्टी, कारंजा, जिकडे यादी नेईल तिकडे जायचं.

फॉर्म सहा पानांचा होता. तिसऱ्या पानाच्या शेवटी दुखण्याचा प्रश्न यायचा. त्यासाठी माझ्याजवळ सहा चेहरे छापलेलं एक कार्ड असे. पहिला चेहरा हसरा, शेवटचा धाय मोकलून रडणारा. पेशंटनं आपल्या दुखण्याप्रमाणे बोट ठेवायचं. हसऱ्यावर ठेवलं तर फॉर्मवर बाण होता, चौथं पान सोडा आणि पाचव्यावर जा. दुसऱ्या कुठल्याही चेहऱ्यावर ठेवलं की चौथं पान आलंच. कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं, झोप येते का, कोणकोणती कामं सुटली. त्या एका पानाला अर्धा-पाऊण तास सहज जायचा. आणि अगदी शेवटी, सहाव्या पानाच्या तळाशी, एक साधी ओळ होती, 'इतर काही तक्रार?'

आता खरं सांगते. ती शेवटची ओळ मी कधी विचारलीच नाही. सकाळी घरी चहा पिता पिता त्या दिवसाच्या सगळ्या फॉर्मांवर तिथं आधीच 'नाही' लिहून टाकायची. सुंदर अक्षरात. 'इतर' म्हटलं की माणसं सुनेच्या भांडणापासून रेशनच्या गव्हापर्यंत सगळं सांगत बसतात, हा माझा अनुभव. आपल्याला हाडाचं विचारायचंय, बाकीच्याशी आपल्याला काय करायचंय, असं मला वाटायचं. ह्यात काही चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही.

माझ्या यादीतल्या एका पेशंटला मी मावशी म्हणायची. तिचं गाव आष्टीच्या पलीकडे, जंगलाला लागून. घर गोंडांचं. आपसांत ते लोक गोंडी बोलायचे, माझ्याशी आपली वऱ्हाडी. मावशी साठीच्या आसपासची, बारीक, काटक. मोहफुलं वेचून परत येताना नाल्याच्या दरडीवरून घसरली आणि मांडी मोडली. पहिल्या खेपेला मी गेले तेव्हा ऊन असं रखरखत होतं की स्कूटीच्या हँडलला हात लावू देईना. मी आधीच चिडलेली. आदल्याच दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे संशोधनाच्या प्रमुखांनी, फॉर्म उशिरा येतात म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं.

"बस वं पोरी. ऊन लागलं असन. पानी घे," मावशी म्हणाली. सुनेनं कोरा चहा आणला. मी प्रश्न सुरू केले. पण मावशीला एका शब्दात उत्तर देणं माहीत नव्हतं. उकिडवं बसता येतं का विचारलं तर गोष्ट म्हशीपासून सुरू व्हायची. चेहऱ्यांचं कार्ड पुढं केलं तर ते हातात घेऊन एकेक चेहरा निरखत बसली. हा माह्या भावासारखा दिसते, ही रडून काऊन राह्यली, असं सगळं. मग तिचं बोट हळूहळू चौथ्या चेहऱ्याकडे जायला लागलं आणि माझं डोकं फिरलं.

"अवो मावशी, आटपा ना! उशीर झाला की सायेब मले बोलते. तुमी त्या हसऱ्यावर बोट ठेवलं असतं तं माहं एक अख्खं पान सुटलं असतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. बोट उचललं आणि हसऱ्या चेहऱ्यावर आणून ठेवलं.

"इथं ठेवलं तं सुटते?"

"सुटते."

"मंग लिही. पोरीले काऊन बोलनं खाऊ द्याचं?"

मी लिहिलं. दुखणं, शून्य. मला कळत होतं का? कळत होतं. न कळायला मी काय लहान होते? पण दीड महिन्याच्या हाडाला थोडंफार दुखणारच, त्यात काय, अशी स्वतःची समजूत घातली आणि पाचव्या पानावर गेले. घरात आलेल्याला चहा पाजावा तसं तिनं मला ते पान सोडून दिलं आणि मी घेतलं. निघताना तिनं एका पुडीत मूठभर चारोळी बांधून दिली, तीही घेतली.

तीन महिन्यांच्या खेपेला मावशी काठी टेकत अंगणात आली. पाय खरंच सुधारला होता. प्रश्न सुरू व्हायच्या आतच तिनं कार्ड मागितलं आणि हसऱ्यावर बोट ठेवून मोकळी झाली. "तुहं पान सुटलं न?" आम्ही दोघी हसलो. वीस मिनिटांत फॉर्म पुरा झाला. मी बॅगेची चेन लावत होते तेव्हा ती म्हणाली, "झालं? अजून काई इचारनं नाई का वं?"

तिचा उजवा हात डाव्या बाजूच्या पदरावर होता. तो हात मला आज दिसतो, अगदी बोटांसकट दिसतो. तेव्हाही दिसलाच असणार, पण मी बॅगेकडे बघत होते.

"नाई मावशी, झालं सगळं."

"बरं. जपून जाजो."

सहा महिन्यांच्या खेपेलाही तेच झालं. कार्ड, हसरा चेहरा, हसणं, चहा. ह्या वेळी मात्र अजून काही विचारायचं आहे का, असं तिनं विचारलं नाही. ऑफिसात मी हा किस्सा सगळ्यांना रंगवून सांगत असे. एक पेशंट बघा कशी, आधीच बोट ठेवून तयार! सर खूश होते, माझे फॉर्म आता सगळ्यांत आधी यायचे.

वर्षाच्या खेपेला गेले तेव्हा पुन्हा मोहाचे दिवस होते. अंगणात फुलं वाळत घातलेली, गोडसर उग्र वास सुटलेला. पण ह्या वर्षी वेचायला एकटी सूनच जायची आणि मावशी आत खाटेवर पडून होती. ओळखूच येईना इतकी वाळलेली. सळई मोडली की काय, पायात पू झाला की काय? मी पाय बघायला लागले तर सून म्हणाली, "पाय नाई वो ताई. पाय चांगला हाये. पाठ धरली तिची. बसता येत नाई."

आणि तिनं सासूचा पदर बाजूला केला. छातीवर डाव्या बाजूला गाठ होती. फुटायला आलेली. मी सुनेकडे वळले.

"हे कवापासून?"

सून म्हणाली, "तुमाले सांगतलं नाई मायनं? तुमी दुसऱ्यांदा आलत्या न, तवा बोराएवढी होती. मी म्हणून राह्यली होती, दवाखान्यात जाऊ. तं म्हने, कायले भाडं घालाचं, दवाखान्याची बाई सोता घरी येते, तिलेच सांगतो. बाईमानसाले सांगाले लाज नाई. मंग तुमी गेल्यावर मी इचारलं, तं म्हने, तिनं सप्पा इचारलं, बसता येते का, संडासले जाता येते का. याचं नाई इचारलं. म्हंजे हे काई नसन."

बॅगेत त्या दिवशीचा फॉर्म होता आणि त्याच्या शेवटच्या ओळीवर सकाळी चहा पिता पिता लिहिलेलं 'नाही' होतं.

गाडी बोलावून तिला त्याच दिवशी दवाखान्यात आणलं. पुढच्या आठवड्यात सगळ्या तपासण्या झाल्या. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला आणि सुनेला बसवून समजावलं. गाठ लहान असताना, फक्त तिथंच असताना, आधी ऑपरेशन ठरलं असतं आणि मग पुढची औषधं. तेव्हा मिळवण्यासारखं बरंच होतं. आता आजार मणक्यात उतरला आहे. आता गोळ्या आणि किरणांचा शेक देऊन तो आवरायचा, आणि दुखणं होईल तितकं कमी ठेवायचं. सुनेनं विचारलं, "बरी होईन का?" डॉक्टर म्हणाले, "त्रास कमी करू." मग त्यांनी मांडीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, हाड मात्र उत्तम जुळलं आहे. खरंच उत्तम जुळलं होतं. आमच्या संशोधनात मावशी 'निकाल उत्तम' ह्या रकान्यात जाणार होती.

चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. नवरा म्हणायचा, जेवत का नाहीस, मी म्हणायची पित्त झालंय. पाचव्या दिवशी सरांच्या टेबलावर माझ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला आणि सांगून टाकलं. शेवटचा प्रश्न एकाही पेशंटला विचारलेला नाही. मावशीनं पान सुटावं म्हणून बोट ठेवलं, मी ठेवू दिलं. सर रागावतील, ओरडतील, असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गठ्ठ्यातले फॉर्म एकेक करून शेवटच्या पानावर उघडून पाहिले. मग एवढंच म्हणाले, "ह्यांना सगळ्यांना पुन्हा भेटून ये. आणि दुरुस्ती नियमानं कर."

संशोधनाच्या कागदावर खोडण्याचा नियम असतो. पांढरी शाई लावायची नाही, गिचमिड करायची नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. मी गठ्ठा घेऊन बसले. 'नाही' वर रेघ, शेजारी 'विचारले नाही', सही. 'नाही' वर रेघ, 'विचारले नाही', सही. मावशीचे आधीच्या खेपांचे तीन फॉर्म आले तेव्हा सही वेडीवाकडी झाली. त्या गठ्ठ्यात तेवढंच एक वाईट अक्षर आहे.

बाकीच्या घरी मी जाऊन आले. एकाला दिसत नव्हतं, एकीचं बाळ वारलं होतं, बऱ्याच जणांना खरंच काही नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं. पण मावशीच्या वॉर्डाकडे माझे पाय वळत नव्हते. सून भेटली की म्हणायची, माय तुमची आठवण काढते. तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

शेवटी एका दुपारी गेले. सिस्टर मावशीच्या खाटेशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात तेच कार्ड होतं, सहा चेहऱ्यांचं. दुखण्याचं औषध किती द्यायचं ते वॉर्डात त्याच्यावरून ठरवतात. मावशी डोळे मिटून पडली होती, कपाळावर घाम. सिस्टर म्हणाल्या, "आजी, किती दुखतंय? बोट ठेवा." मावशीनं डोळे उघडले आणि तिला मी दिसले. चेहरा उजळलाच तिचा. हात उचलताना तिचे दात आवळलेले मला दिसत होते, तरी तिनं तो उचलला आणि बोट हसऱ्या चेहऱ्यावर नेऊन ठेवलं.

"तुहं पान सुटलं न वं?" ती म्हणाली.

सिस्टर वहीत लिहायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "लिहू नका. लिहू नका हो, ते खरं नाही!" मला रडूच फुटलं. रडत रडतच मी खाटेशी बसले आणि तिचा हात कार्डावरून उचलला. "मावशी, मले पान नाई सोडाचं. कोनी मले बोलत नाई. माही चूक झाली, लय मोठी चूक झाली. खरं कुठं हाये तिथं ठेवा."

मग तिचं बोट एकेक चेहरा ओलांडत सरकत गेलं आणि शेवटच्या रडणाऱ्या चेहऱ्यावर थांबलं. सिस्टर औषध आणायला धावल्या.

"आता तुले पुरं पान भरा लागन न, पोरी?"

"भरतो मावशी. सांगा तुमी."

औषध लागू पडेपर्यंत मी थांबले. मग बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला, चौथं पान उघडलं आणि तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. कुठं दुखतं? तिनं पाठ सांगितली, छाती सांगितली. कशानं वाढतं, झोप येते का, कोणती कामं सुटली? मोहफुलं वेचणं, पाणी आणणं, नातवाला उचलणं. मध्येच म्हशीची गोष्ट आली, मी तीही ऐकली. मग मी विचारलं, "अन् पाय? पाय कवापासून कवापर्यंत दुखला?"

"तू पयल्यांदा आलती तवा लय दुखत होता," ती म्हणाली. "पन तुले घाई होती."