हलकं काम

फोन आला तेव्हा मी भाऊसाहेबाच्याच नावापुढे 'गैरहजर' लिहून पेन खाली ठेवला होता. कारखान्यात हजेरी माझ्याकडे असते. पलीकडे त्याचा थोरला भाऊ होता. "अन्ना, त्याची रजा नका मांडू आता... सकाळी गेला तो."

तेवीस वर्षं आम्ही भिंगारहून एकाच मोटरसायकलवर एमआयडीसीत गेलो. गाडी त्याची, बडबडही त्याची. मागे बसून 'हं' म्हणणं तेवढं माझं. शेवगावकडचा गडी, पण प्रेस मशीनवर हात असा बसलेला की साहेब लोकही त्याला विचारायचे. दिवाळीआधी त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो दोन महिने घरी बसला. मी रविवारी भेटायला जायचो, तर त्याचं आपलं एकच. "घरी बसून मानूस गंजतं, अन्ना. माझ्या मशीनवर कोन हाय आता?"

शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : कामावर जाऊ शकतात, तीन महिने हलकं काम द्यावं. ती घेऊन, नवा शर्ट घालून तो माझ्या हजेरीच्या खिडकीशी आला. आमच्याकडे हलकं काम नावाची चीजच नाही. अशी चिठ्ठी वर गेली की माणूस परत घरी. म्हणून सगळे कुठून तरी नुसतं 'फिट' लिहून आणतात, आणि ही युक्ती सांगतो मी. त्यालाही सांगितली. मित्र म्हणून सांगितली, हेच जास्त जाळतं.

"येवढंच व्हय? आनतो की उद्या," तो हसून म्हणाला.

आजारातून परतलेल्यानं आपल्या मशीनपुढे नारळ फोडायचा, ही आमची रीत. त्यानं फोडला, खोबरं वाटलं, माझ्या टेबलावरही ठेवलं. त्याला दम लागला होता... मला दिसलं होतं. मी खोबरं खाल्लं. एकोणिसाव्या दिवशी तो फोन आला.

त्याची पहिली चिठ्ठी माझ्या खणातच राहिली. फेकवत नाही, घरी नेववत नाही.

गेल्या आठवड्यात पेंटशॉपमधला एक जण पाठीच्या ऑपरेशननंतर तशीच चिठ्ठी घेऊन आला. या वेळी मी उठून साहेबांकडे गेलो, भाऊसाहेबाचं नाव घेतलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "खरंय हो... पण ह्यांना बसवू कुठं?"

मी परत आलो तेव्हा तो खिडकीशी उभाच होता. "चालंल का, अन्ना?"

दुसऱ्या दिवशी तो 'फिट' लिहून घेऊन आला. त्याची पहिली चिठ्ठीही आता खणात आहे, भाऊसाहेबाच्या चिठ्ठीवर.