वेदाक्कांच्या गाडीचं डोकं

वेदाक्कांनी आयुधपूजेच्या दिवशी गाडीच्या इंजिनाला अंघोळ घातली, तेव्हा मी वरच्या गॅलरीत चहा पीत उभी होते. म्हैसुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना धुऊनपुसून माळा घालतात, हे एव्हाना मला ठाऊक झालं होतं. पण बॉनेट उघडून आत पाइप सोडणारी आणि वर हळदीच्या पाण्याचा तांब्या ओतणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

"पत्र्याची पूजा करून काय उपयोग, अदिती?" त्या खालून ओरडल्या. "खरं आयुध आत आहे, अल्वा? हो ना?"

झेंडूची माळ झाली, आरती झाली, कोहळा फुटला. चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडायला त्या ऐटीत गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवली. गाडीने एकदा घुर्र केलं आणि गप्प झाली. लिंबं तशीच आख्खी राहिली.

वेदवतीबाई माझ्या घरमालकीण. सगळं गाव त्यांना वेदाक्का म्हणतं. कितीतरी पिढ्यांपासून म्हैसुरात राहिलेलं त्यांचं घराणं, त्यामुळे घरात मराठी, पण त्या मराठीत निम्मी कानडी. मी नाशिकची, सुरुवातीला मला त्यांचं बोलणं अर्धंच कळायचं आणि त्यांना माझं पुस्तकी वाटायचं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वीणा शिकायला लागल्या. ती वीणा मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवायच्या आणि आपल्या लाल गाडीतून क्लासला जायच्या. गाडी जुनी, तिचं मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलेलं.

बन्नीमंटपाजवळ विजयेंद्रचं गॅरेज आहे. तो लॅपटॉप घेऊन आला, गाडीला वायर जोडली आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

"अक्का, ईसीएम गेलंय. इंजिनाचा कॉम्प्युटर. पाणी शिरलं आत."

"मग वाळव की."

"वाळवून काय होतंय? आतलं सगळं जळालंय, नोडी, हे बघा. दुसरं पाहिजे. आणि ते आता मिळत नाही."

संध्याकाळी बेंगळूरहून त्यांच्या मुलाचा, दिगंबरचा फोन आला. वेदाक्का फोन स्पीकरवरच घेतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "बरं झालं, आई. दिवाळीला येतो तेव्हा स्क्रॅपवाल्याला बोलावून टाकू. या वयात गाडी कशाला हवी तुला? ॲपवर टॅक्सी मिळते."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ही गाडी गेली की दुसरी येणार नाही. मग मी कुठं जायचं, केव्हा जायचं, ते दिगंबर ठरवणार."

त्या चिडल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या घाबरल्या होत्या, ते मला सहन होईना. मी इथल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. न सुटलेली चूक दिसली की माझं डोकं उठतं. मी म्हटलं, "अक्का, दिवाळीच्या आत तुमच्या गाडीला नवं डोकं बसवते. नाही बसवलं तर नाव सांगणार नाही!"

मग मी जी सुटले! कंपनीच्या बसमध्ये बसून फोन करायचे, जेवताना जुन्या गाड्यांच्या चाहत्यांचे ग्रुप धुंडाळायचे. आमच्या टीममधले लोक मला बघून वाट बदलायला लागले, कारण मी भेटेल त्याला "तुमच्याकडे लाल हॅचबॅक आहे का?" असं विचारत होते. अखेर बेंगळूरच्या जुन्या बाजारातल्या एकाने फोटो पाठवला. ईसीएमची तीच पेटी! तेच प्लग, तोच आकार! कुरिअर आलं तेव्हा मी जिन्यातच नाचले, आणि वेदाक्कांनी त्या पेटीला ओवाळायला निरांजन आणलं. ते मी हिसकावून घेतलं. पुन्हा पूजा नको होती.

विजयेंद्रने पेटी जोडली. इंजिन फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. सुरू काही होईना.

त्याने पेटी उलटी करून तिच्यावरचा नंबर वाचला. "शेवटची अक्षरं वेगळी आहेत. बाहेरून सारखी, पण ही दुसऱ्या इंजिनाची."

मला रडूच कोसळलं. शेवटची अक्षरं मीच नीट वाचली नव्हती, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते!

"आणि ऐक," तो म्हणाला, "नंबर जुळला तरी भागत नाही. किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. पेटी आपल्याच किल्लीला ओळखते. जुनी पेटी घ्यायची तर तिच्या किल्लीसकट. म्हणजे अशीच दुसरी गाडी पाहिजे, त्याच वेळची."

वेदाक्का आत गेल्या. बाहेर आल्या त्या जाण्यायेण्याची साडी नेसून.

"विजयेंद्र, तुझी व्हॅन काढ. एच. डी. कोटेला जायचंय."

"तिथे काय आहे?"

"अशीच दुसरी गाडी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! "अक्का, मी बेंगळूरचा बाजार पालथा घातला, आणि तुम्ही आज सांगताय?"

वाटेत सगळं बाहेर आलं. त्यांचे यजमान मनोहरराव आणि धाकटे दीर नागोजीराव, दोघा भावांनी एकाच दसऱ्याला, एकाच मुहूर्तावर, एकाच रंगाच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. मनोहरराव गेल्यावर नागोजीराव म्हणाले होते, "वैनी, गाडी माझ्या मुलाला द्या. तुम्ही काय चालवणार? गल्लीच्या टोकापर्यंत जाववणार नाही तुमच्यानं." त्या रागाने वेदाक्का गाडी शिकल्या. तेव्हापासून लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोघांत फक्त नमस्कार.

"त्याच्या दारात मागायला जाण्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली बरी, असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. "आज नाही वाटलं."

नागोजीरावांच्या अंगणात चिंचेखाली ती गाडी उभी होती, लख्ख पुसलेली. ते पायरीवर बसले होते. काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली होती. आम्ही अगदी जवळ गेलो, वेदाक्का 'नमस्कार' म्हणाल्या, तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"वैनी? वाट चुकलात की काय?"

"नाही, भावजी. मागायला आलेय." वेदाक्कांनी आढेवेढे घेतले नाहीत. "माझ्या गाडीचं डोकं मी माझ्या हातानं बुडवलं. तुमच्या गाडीचं द्या."

काय झालं ते कळल्यावर ते पोट धरून हसले. "इंजिनाला अंघोळ! अय्यो, वैनी!" वेदाक्का तोंड घट्ट मिटून उभ्या राहिल्या. मला त्या माणसाचा असा राग आला की विचारू नका.

मग ते हसायचे थांबले. "डॉक्टरांनी चालवायला मना केलंय. पण रोज सकाळी बसतो आणि चालू करतो. जरा वेळ ऐकतो. बंद करतो." त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. "न्या पेटी. सुम्ने, उगीच उभी आहे गाडी. तुमची तरी चालेल."

विजयेंद्रने नंबर वाचला. या वेळी मी त्याच्या खांद्यावरून एकेक अक्षर मोठ्याने म्हटलं. जुळलं! शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं! मी ओरडले तशा चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या.

"आता किल्ली," विजयेंद्र म्हणाला.

नागोजीरावांनी खिसा दाबून धरला. "किल्ली नाही."

"भावजी, किल्लीशिवाय ती पेटी म्हणजे दगड."

नागोजीराव काठी घेऊन उठले. "किल्ली माझ्या खिशातनं निघणार नाही. मीच येतो."

परतताना पेटी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर, आणि किल्लीसकट नागोजीराव पुढे. व्हॅनमध्ये दीर-भावजय एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मी मात्र एवढी बडबडले की विजयेंद्रने गाणी लावली.

वेदाक्कांच्या अंगणात त्याने पेटी जोडली आणि हात पुढे केला. नागोजीरावांनी किल्ली दिली, पण तिच्या साखळीचं टोक सोडलं नाही. विजयेंद्रने किल्लीचं डोकं उघडून तांदळाच्या दाण्याएवढी चिप काढली, वेदाक्कांच्या किल्लीत बसवली.

"बसा, अक्का."

वेदाक्का बसल्या आणि किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्याला इंजिन सुरू! मी विजयेंद्रला मिठी मारली. तो बिचारा लाजून चूर. नागोजीराव बॉनेटवर हात ठेवून उभे होते, मान तिरकी करून.

"आवाज माझ्याच गाडीचा आहे," ते हळूच म्हणाले.

वेदाक्का खाली उतरल्या. "विजयेंद्र, माझी जुनी चिप त्यांच्या किल्लीत घाल. रिकामी परत द्यायची नाही."

"अक्का, त्यानं काही चालू होत नाही."

"असू दे. घाल."

नागोजीरावांनी ती किल्ली बोटांनी चाचपली, खिशात ठेवली आणि खिशावरून एकदा हात फिरवला. मग मला म्हणाले, "कोटेची शेवटची बस किती वाजता?"

"बस कशाला?" वेदाक्का म्हणाल्या. "बसा."

मी मागे बसले. गल्लीचं टोक आलं तेव्हा वेदाक्कांनी गाडी जरा सावकाश केली. दोघांनाही ती जागा आठवली असणार. नागोजीराव समोर बघत राहिले. गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, "वैनी, चौथा टाका आता. मागतेय ती." वेदाक्कांनी चौथा गिअर टाकला.

कोटे आलं. त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबली. नागोजीरावांनी पट्टा सोडला नाही.

"कबिनीच्या धरणापर्यंत जाऊन येऊया?" लहान मुलासारखं विचारलं त्यांनी. वेदाक्कांनी गिअर टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. दिगंबर. वेदाक्कांनी मानेनेच खूण केली तसा नागोजीरावांनी तो चाचपडत उचलला, आणि स्पीकरवर दिगंबरचा आवाज आला, "आई, स्क्रॅपवाल्याशी बोललोय. त्याला कधी पाठवू?"

"दिगंबर, काका बोलतोय," नागोजीराव म्हणाले. "नंतर फोन कर. तुझी आई गाडी चालवतेय."