‘स्किऑन’ वाचलं म्हणून

“बेन, मोटेथी वांचो,” साहेब म्हणाले. मोठ्यांदा वाचा.

बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या कारखान्यातलं आमचं ऑफिस. नव्वदीची सुरुवात. मालकांचा मुलगा अमेरिकेहून परतणार होता आणि त्याच्या स्वागताचं इंग्रजी भाषण मी टाईप केलं होतं. सगळा स्टाफ समोर बसलेला. तिसऱ्याच ओळीत तो शब्द आला. एस, सी, आय, ओ, एन. मी वाचलं, “स्किऑन.”

गार्गी हसली. मग बाकीचे हसले.

भाषण तिनं लिहिलं होतं. माझ्याच वयाची, मराठी, बडोद्याचीच. तिचे पणजोबा संस्थानात न्यायाधीश, माझे त्याच संस्थानाच्या पलटणीत शिपाई. ती मला अगं-तुगं करायची. मी तिला गार्गीताई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

ऑफिसात ती गुजरातीच बोलायची. त्या दिवशी माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलली. “अगं, सायन म्हणतात त्याला. मोठ्या घराण्याचा वंशज. जाऊ दे, तुमच्याकडे कुणाला लावणार हा शब्द?”

साहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला, तिला दिला. मला म्हणाले, कार्यक्रमात तुम्ही चहाचं बघा.

खरं सांगते, राग नंतर आला. आधी हेवा वाटला. कागद धरायची तिची ऐट, कॉन्व्हेंटची ती न अडखळणारी जीभ. मला ती जीभ हवी होती. घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये हरणीचा स्टॉप येईपर्यंत मी तोच शब्द तिच्यासारखा पुटपुटत होते. जमेना.

शनिवारी लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी काढली. मोठ्या घराण्याचा वंशज हा दुसरा अर्थ होता. पहिला झाडाचा. कलम बांधताना दुसऱ्या रोपावर बसवतात ती कोवळी काडी.

माझे बाबा नर्सरीत आंब्याची कलमं बांधायचे. उभा जन्म तेच केलं त्यांनी. घरी येऊन विचारलं, त्या काडीला तुम्ही काय म्हणता?

“कलमकाडी. का गं?”

मी ऑफिसातलं सगळं सांगितलं. त्यांनी हातांची माती पुसली. मग म्हणाले, “तिला विचार, तिनं कधी बांधलंय का एखादं कलम.”

म्हणजे हा शब्द आमच्या घरात रोज होता. आमच्या नावानं. आणि मी मान खाली घालून आले होते.

सोमवारी गार्गी माझ्या टेबलापाशी आली. “अगं, कार्यक्रमाला चांगल्या कपबश्या काढ. नेहमीच्या नकोत.”

“गार्गी, मी टायपिस्ट आहे. चहा मी देणार नाही. तुझ्या त्या शब्दाचा पहिला अर्थ तुला माहीत आहे?”

तिला माहीत नव्हता. मी सांगितला. पण ती दुसरीकडेच अडकली होती. “तू माझ्याशी एकेरीत बोलतेस?”

“हो.”

त्याच आठवड्यात साहेबांनी मला टाईपरायटरवरून उठवून कारखान्याच्या स्टोअरमध्ये टाकलं. भाषण गार्गीनंच वाचलं. सुरेख वाचलं. मी मागच्या दारात उभी राहून ऐकलं आणि पुन्हा तसाच हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही. जाऊही नये.

तिथेच ठरवलं. इंग्रजी शिकणार. चुकत चुकत, चारचौघांत. न येणारा शब्द मोठ्यांदा विचारणार. हसणाऱ्यांचं हसून होईपर्यंत उभी राहणार, आणि पुन्हा विचारणार.